घरचें यंत्र : चढावरची टकटक

पुण्याच्या एका वाचक भगिनींचें पत्र आमच्याकडे आलें आहे. त्यांचे धाकटे दीर अमेरिकेंत असतात. तीन वर्षांपूर्वीं त्यांनीं डेन्व्हर येथें १९७८ सालच्या बनावटीची शेव्हरोले मालमोटार हौसेनें विकत घेतली. पुढें दोघां-तिघांपुरती बैठक व मागें उघडा हौदा अशी ही गाडी; तिकडे शेतकऱ्यापासून सुतारापर्यंत अनेकांच्या दारीं ती दिसते. पुढें नोकरीनिमित्त ते टेक्ससमधील ह्यूस्टन शहरीं राहावयास गेले, आणि तेव्हांपासून गाडीला एक नवाच आवाज जडला. भगिनी लिहितात : "हौद्यांत ओझें असलें आणि पूल चढूं लागलें कीं, पत्र्याच्या डब्यांत खडे घालून हलवावे तसा आवाज येतो. पाय सैल सोडला कीं थांबतो. तेथील एका कारागिरानें एंजिन झिजलें आहे, दुसरें बसवा, असें सांगितलें. मामंजी म्हणतात, गाडी मोडींत काढ. सासूबाई म्हणतात, पैसे पडूं देत, पण नवें एंजिन घाल. आणि भाऊजी म्हणतात, आवाज होतो तर होऊं दे, मी रेडिओ मोठा लावतों. दर रविवारीं दूरध्वनीवर हाच वाद चालतो. तिघांपैकीं कोणाचें खरें?"

आमच्या मतें तिघांचेंहि नाहीं. आणि त्यांतल्या त्यांत भाऊजींचा उपाय वरवर फुकटचा दिसला तरी शेवटीं सर्वांत महाग पडणारा आहे.

आवाज कशाचा, तें आधीं पाहूं. पेट्रोलच्या एंजिनांत हवा व पेट्रोल यांचें मिश्रण पिस्टन वर चढतांना दाबतो. तो माथ्याशीं पोंचण्याच्या किंचित् आधीं प्लगमध्यें ठिणगी पडते, आणि ज्योत तेथून निघून क्रमाक्रमानें पसरत पलीकडच्या भिंतीपर्यंत जाते. हें कितीहि जलद झालें तरी जळणेंच आहे, स्फोट नव्हे. परंतु कधीं कधीं ज्योत पोंचण्यापूर्वींच कोपऱ्यांत दबून राहिलेलें उरलेंसुरलें मिश्रण दाबानें व उष्णतेनें इतकें तापतें कीं, तें ज्योतीची वाट न पाहतां एकदम आपोआप पेट घेतें. त्या धक्क्यानें आंतला वायु घंटेसारखा कंप पावतो. या एंजिनाच्या सिलिंडरचा व्यास चार इंच आहे; तेवढ्या जागेंत हा कंप सेकंदास पांच-सहा हजारांच्या घरांत जातो, म्हणून आवाज घणासारखा न येतां खड्यांसारखा येतो.

क्षणभर हलकी टकटक झाली म्हणून कोणतेंहि एंजिन मरत नाहीं. पण ओझें घेऊन, चढावर, मिनिटांमागून मिनिटें ती चालू राहिली तर गोष्ट वेगळी. पिस्टनच्या माथ्यालगत त्या मानानें थंड अशा वायूचा एक पातळ थर असतो व तो धातूचें रक्षण करतो. हा कंप नेमका तोच थर विसकटून टाकतो. पिस्टन ज्या ॲल्युमिनियमचा केलेला असतो, तें ६६० अंशांच्या सुमारास वितळतें. आणि ज्योतीचें उष्णतामान २,००० अंशांच्याहि पुढें असतें. मग पिस्टनच्या कडा झडतात, कड्यांमधील पट्ट्या तुटतात, गॅस्केट फुटतें, आणि एके दिवशीं माथ्याला भोंक पडून गाडी भर रस्त्यांत धूर ओकीत उभी राहते. रेडिओ किती मोठा आहे, याची तेव्हां चौकशी होत नाहीं.

मात्र प्रत्येक टकटक ही हीच टकटक, असें मानूं नये. गाडी उभी असतांनाहि तालांत होणारी बारीक टिकटिक बहुधा झडपांच्या हालचालीची असते. थंड एंजिनांत ऐकूं येणारी व तापल्यावर विरणारी फटफट धुराच्या नळीच्या सांध्यांतून येते. खोल, जड, ठोक्यासारखा आवाज बेअरिंगचा असूं शकतो, आणि तो असेल तर गाडी तेथेंच थांबवावी हें बरें. ओझ्याखालीं व चढावर उठणारा आणि पाय सैल सोडतांच लोपणारा खड्यांचा आवाज मात्र आपण वर सांगितला तोच. भगिनींनीं हें लक्षण पत्रांत इतकें नेमकें दिलें आहे कीं, त्या कारागिरापेक्षां त्यांचेंच निरीक्षण आम्हांस अधिक विश्वसनीय वाटलें.

आतां पुष्कळांचें पहिलें उत्तर ठरलेलें असतें : पेट्रोल हलकें आहे, भारी भरा. या गाडीपुरतें तरी हें उत्तर पटत नाहीं. १९७१ सालीं जनरल मोटर्सनें आपल्या एंजिनांतील मिश्रण दाबण्याचें प्रमाण मुद्दाम खालीं आणलें, तें साध्या, कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर तीं चालावीं म्हणून. तत्पूर्वींच्या कांहीं एंजिनांत हें प्रमाण दहा-अकरास एक असे. या १९७८ च्या ३५० घन-इंची एंजिनांत तें आठ-साडेआठास एक आहे. ऑक्टेन म्हणजे आपोआप पेट न घेण्याची पेट्रोलची सहनशक्ति. ह्यूस्टनच्या पंपावर ८७ असा जो आंकडा दिसतो, तो पाहून 'आमच्याकडे तर ९१ मिळतें' असें कोणी म्हणूं नये. तेथें दोन रीतींच्या मापांची सरासरी लिहितात व आपल्याकडे त्यांतील एकाच रीतीचें माप सांगतात. तेथील ८७ आणि आपलें ९१ हीं जवळजवळ एकच. या एंजिनास तेवढें पुरेसें असतां तें कुरकुरतें, याचा अर्थ दोष पेट्रोलच्या टाकींत नसून अन्यत्र आहे. महागडें पेट्रोल एक टाकीभर भरून पाहावयास हरकत नाहीं. आवाज थांबला तर निदान पक्कें झालें, एवढाच त्याचा उपयोग; रोग बरा झाला असें नव्हे.

अन्यत्र म्हणजे कोठें, याचा धागा आम्हांस पत्रांतील गांवांच्या नांवांतच सांपडला. डेन्व्हर हें समुद्रसपाटीपासून ५,२८० फूट उंचीवर वसलेलें आहे. आपल्या महाबळेश्वराहूनहि उंच. तेथें हवेचा दाब सपाटीच्या पांच-षष्ठांशांच्या आसपास असतो. हवा विरळ, म्हणून सिलिंडरांत दाब कमी, म्हणून टकटक कमी. तेथील पंपांवर ८५ आंकड्याचें पेट्रोलहि विकलें जातें तें याच आधारावर. विरळ हवेंत मिश्रण सावकाश जळतें, म्हणून पहाडांतील लोक ठिणगी थोडी लवकर पडेल असें टायमिंग ठेवितात. शिवाय हवा कमी झाल्यामुळें तिच्या मानानें पेट्रोल जास्त होतें, म्हणून कार्बुरेटरमधील जेट, म्हणजे पेट्रोल येण्याचीं बारीक भोंकें, लहान घालतात. डेन्व्हरला हें सारें शहाणपणाचेंच आहे. पण तीच गाडी समुद्राजवळच्या ह्यूस्टनांत उतरली कीं हवा दाट होते, भोंकें मात्र लहानच राहतात; मिश्रणांत पेट्रोल कमी पडतें, तें अधिक तापतें, आणि ठिणगीहि वेळेच्या आधीं पडते. टकटकीला लागणारें सर्व साहित्य गाडीनें स्वतःबरोबरच पहाडावरून आणलें होतें!

आम्हीं उलट पत्रानें भाऊजींना मूळ मालकास विचारावयास सांगितलें. त्या सद्गृहस्थांनीं लागलीच कबूल केलें कीं, टायमिंग पुढें ओढलेलें आहे व जेटहि बदललेले आहेत. विकतांना तें कोणीं विचारलें नाहीं, म्हणून सांगितलें नाहीं. तथापि ऐकीव माहितीवर हातोडी चालवूं नये. भाऊजींनीं पुढील तपासणी स्वतः केली, आणि ती ज्या क्रमानें करावयाची, तो क्रम खर्चाचा आहे : फुकटचें आधीं, पैशाचें मागाहून.

टायमिंग तपासण्याचा टायमिंग लाइट नांवाचा दिवा मिळतो. त्याची चिमट्यासारखी पकड पहिल्या सिलिंडरच्या तारेवर लावावी. या एंजिनांत तो डाव्या हाताचा सर्वांत पुढचा. डिस्ट्रिब्यूटरला जाणारी व्हॅक्यूमची नळी काढून तिचें तोंड बंद करावें, एंजिन संथ चालूं ठेवावें, आणि पुढच्या फिरत्या चाकावरील रेघ पट्टीवरील कोणत्या अंशाशीं दिसते तें पाहावें. किती अंश हवे, हें एंजिनाच्या झाकणाजवळ चिकटविलेल्या कागदावर कारखान्यानेंच छापलेलें असतें. भाऊजींच्या गाडीवर ८ छापलें होतें. दिव्यानें १४ दाखविले.

येथें एक फसगत संभवते, आणि चांगले चांगले कारागीरहि तींत सांपडतात. ज्या चाकावर ती रेघ असते, तें एकसंध नसतें. आंतला तुंबा व बाहेरचें जड कडें यांच्यामध्यें रबराचा थर असतो. पंचेचाळीस वर्षांत तें रबर सुकून कडें कांहीं अंश सरकतें, आणि त्याबरोबर रेघहि सरकते. मग दिवा खरें बोलतो, पण रेघ खोटें बोलते. तिची साक्ष तपासण्याची युक्ति सोपी आहे. बॅटरीची तार सोडावी, सर्व प्लग काढावे, आणि पहिल्या सिलिंडरच्या प्लगाच्या भोंकांत पिस्टनला अडविणारा खास बोल्ट बसवावा. एंजिन हातानें सावकाश फिरवीत न्यावें. पिस्टन टेंकला कीं पट्टीच्या शून्यासमोर कड्यावर खडूची खूण करावी. मग उलट दिशेनें फिरवून पुन्हा टेंकल्यावर दुसरी खूण करावी. मूळ रेघ या दोहोंच्या बरोबर मध्यावर आली तर तिच्यावर विश्वास ठेवावा. नाहीं तर मध्यावर नवी रेघ ओढावी, व तें चाक लवकर बदलावें. भाऊजींची रेघ सुदैवानें खरी निघाली.

मग डिस्ट्रिब्यूटरच्या बुडाचा बोल्ट किंचित् सैल करून तो घड्याळाच्या कांट्याच्या दिशेनें थोडा वळविला कीं, या जातीच्या एंजिनांत ठिणगी मागें सरते. छापलेल्या अंशांवर आणून थांबावें. टकटक पूर्ण जाईपर्यंत मागें मागें ओढीत राहण्याचा मोह होतो, तो आवरावा. ठिणगी फार उशिरां पडली तर आवाज जातो खरा, पण शक्ति जाते, पेट्रोल अधिक जळतें आणि एंजिन तापूं लागतें. म्हणजे ताप उतरविण्यासाठीं रोग्याला उपाशी मारल्यासारखें होतें. वेग वाढल्यावर ठिणगी आपोआप पुढें सारणारीं वजनें व स्प्रिंगा डिस्ट्रिब्यूटरच्या आंत असतात, त्याहि पाहाव्या. हौशी लोक तेथें मऊ स्प्रिंगा घालतात, त्यानें गाडीला झेंप येते व चढावर टकटकहि येते. एंजिन ३,००० फेऱ्यांच्या आसपास फिरवून, व्हॅक्यूमची नळी बंदच ठेवून, एकूण ३४ ते ३६ अंशांच्या पुढें रेघ जात नाहीं एवढें पाहिलें म्हणजे पुष्कळ झालें.

कार्बुरेटर उघडण्याचें काम मात्र भाऊजींनीं दुसऱ्या एका जाणत्या कारागिराकडून करविलें. त्यांतील जेटवर भोंकाच्या मापाचा आंकडा कोरलेला असतो. तो मूळ मापाहून दोन पायऱ्या खालीं निघाला. मूळ मापाचे जेट बसले, टायमिंग ८ वर आलें, आणि चढावरची टकटक तीन-चतुर्थांशाहून अधिक गेली. नवें एंजिन घेण्याचा प्रश्न येथेंच संपला.

उरलेली एक-चतुर्थांश कोठून येत होती, तें शोधण्यांत अधिक मौज आहे. या गाड्यांत जळून गेलेल्या वायूचा थोडा अंश परत आंत सोडणारी एक झडप असते. कारागीर तिला ई. जी. आर. म्हणतात. हवा शुद्ध राहावी म्हणून सरकारी नियमामुळें ती आली, म्हणून ती निरुपयोगी असा पुष्कळांचा ग्रह आहे, व ते तिची नळी काढून तोंडांत गोळी ठोकून देतात. वस्तुतः तो जळका वायु आंतली ज्योत थंड ठेवतो, आणि कारखान्यानें ठिणगीची वेळ ठरवितांना तो हिशेबांत धरलेला असतो. झडप बंद केली कीं टकटक वाढते. परीक्षा अशी : एंजिन तापण्यापूर्वीं, संथ चालत असतांना, झडपेचा पडदा बोटानें वर उचलावा. एंजिन अडखळलें किंवा बंद पडलें तर वाट मोकळी आहे. कांहींच झालें नाहीं तर वाट काजळीनें बुजली आहे. भाऊजींच्या गाडींत कांहींच झालें नाहीं. वाट खरवडून काढण्यांत एक दुपार गेली.

हवेच्या डब्याच्या सोंडेंत एक लहान दार असतें. थंडींत धुराच्या नळीवरची ऊन हवा आंत घ्यावी व एंजिन तापल्यावर बाहेरची थंड हवा घ्यावी, असें त्याचें काम. तें उष्ण बाजूस अडकून बसलें तर ह्यूस्टनच्या उन्हाळ्यांत एंजिन भर दुपारीं जणूं गरम वाफारा घेत चालतें. हें पाहण्यास अर्धें मिनिट लागतें, आणि कोणी पाहत नाहीं. रेडिएटर, थर्मोस्टॅट, पंख्याचा पट्टा यांची काळजी सर्वांसच असते, तेव्हां त्यांविषयीं येथें लिहीत नाहीं.

आणखी एक चोरवाट. हवा आंत नेणाऱ्या भागाचें गॅस्केट खालच्या, न दिसणाऱ्या बाजूस फाटलें तर एंजिन तेथून तेलाची वाफ ओढूं लागतें. तेल पेट्रोलची सहनशक्ति कमी करतें व काजळी वाढवितें. काजळी तापून लाल झाली कीं टकटकीस आमंत्रणच. तेलपेटीला जाणाऱ्या श्वासाच्या नळ्या क्षणभर बंद करून, एंजिन चालू असतांना तेल ओतण्याच्या तोंडावर तळहात ठेवावा. हात किंचित् बाहेर ढकलला गेला पाहिजे. आंत ओढला गेला तर गॅस्केट फाटलेलें आहे. प्लगांवर तेलकट काळें साचलेलें दिसलें, तर ही परीक्षा चुकवूं नये.

दुकानांत 'ऑक्टेन वाढविणाऱ्या' बाटल्या मिळतात, त्यांच्याविषयीं भगिनींनीं विचारलें आहे. बाटलीवर 'तीन पॉइंट' असें लिहिलेलें असतें, तेव्हां पुष्कळदां त्याचा अर्थ तीन-दशांश ऑक्टेन एवढाच असतो. 'शिशाच्या ऐवजीं' म्हणून विकली जाणारी दुसरी बाटलीहि या गाडीस नको; हिच्या झडपांच्या बैठका बिनशिशाच्या पेट्रोलसाठीं कठिण केलेल्याच आहेत.

शिशाचें नांव निघालें म्हणून थोडें विषयांतर करतों. टकटक थांबविण्याचा उपाय म्हणून डेटन येथें, जनरल मोटर्सच्या संशोधनशाळेंत, चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखालीं काम करणाऱ्या थॉमस मिज्ली यांनीं ९ डिसेंबर १९२१ रोजीं टेट्राएथिल लेड हें शिशाचें द्रव्य पेट्रोलांत घालून पाहिलें. किंचित् घातलें तरी आवाज बंद. १९२३ सालीं तें विकूं लागले; १९२४ च्या ऑक्टोबरांत न्यू जर्सीमधील एका कारखान्यांत तें तयार करणारे पांच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. तरीहि पुढें अनेक दशकें जगांतील बहुतेक पेट्रोल शिशाचें होतें, व त्याचा धूर मुलांच्या मेंदूवर परिणाम करीत राहिला. अमेरिकेनें रस्त्यावरील गाड्यांसाठीं तें १९९६ मध्यें पुरतें बंद केलें, भारतानें २००० मध्यें, आणि सर्वांत शेवटीं अल्जीरियानें २०२१ मध्यें. मद्यार्कानेंहि टकटक थांबते, हें केटरिंग व मिज्ली यांस त्या वेळींहि ठाऊक होतें. पण मद्यार्क कोणीहि करूं शकतो आणि शिशाच्या द्रव्याचा हक्क मात्र मालकीचा होता.

तोच मद्यार्क आतां आपल्याकडे पेट्रोलांत शेंकडा वीसपर्यंत आला आहे. म्हणून कोंकणांत किंवा मळ्यावर ज्यांच्या घरीं जुनी, कार्बुरेटरची पेट्रोल जीप अद्याप जपलेली आहे, त्यांनीं वरील पत्रव्यवहार परदेशचा म्हणून सोडून देऊं नये. मद्यार्काची सहनशक्ति मोठी. त्या अंगानें तो उपकारकच. पण एक भाग पेट्रोल जळावयास पावणेपंधरा भाग हवा लागते, तर मद्यार्कास नऊच भाग पुरते. जुना कार्बुरेटर हा भेद ओळखत नाहीं. तो पूर्वींइतकेंच द्रव्य सोडतो, आणि मिश्रण पातळ पडतें. म्हणजे डेन्व्हरहून ह्यूस्टनास न जातांहि जीप ह्यूस्टनला पोंचते! घाटांत टकटक सुरू झाली असेल तर आधीं टायमिंग पाहावें, मग एक-दोन पायऱ्या मोठा जेट घालून प्लगांचा रंग पाहावा. तो पांढरट असेल तर मिश्रण अजून पातळ आहे, विटकरी-तपकिरी असेल तर ठीक. रबरी नळ्या जुन्या असल्यास मद्यार्कानें त्या मऊ होऊन झिरपूं लागतात, त्याहि त्याच वेळीं बदलाव्या. आणि बदललेल्या जेटचा आंकडा व टायमिंगचे अंश झाकणाच्या आंतल्या बाजूस तेलरंगानें लिहून ठेवावे, म्हणजे गाडी पुढें ज्याच्या हातीं जाईल त्यास आधींच्या मालकाचा पत्ता शोधीत बसावें लागणार नाहीं.